पेइ-लिंगची पाटी

काठी थोरल्या भाऊजींनी घरूनच आणली होती. बांबूची, एका टोकाला पांढरं फडकं गुंडाळलेली. गिऱ्हाइकं पेजेच्या वाट्या ठेवतात त्या टेबलावर त्यांनी ती आडवी ठेवली आणि म्हणाले, "उद्या घाईत विसरायला नको."

युए-शिया मोरीपाशी बसून भांडी घासत होती. लेक पेइ-लिंग गेल्यापासून दुकान बंद होतं, माशाच्या पेजेचं पातेलं चुलीवर चढलंच नव्हतं, तरी ती घासत होती. हाताला काही तरी हवं होतं.

"ही कशाला?" तिने विचारलं.

तिला माहीत होतं. तैवानमधल्या ताइनानच्या या गल्लीत जन्म काढलेल्या बाईला ती काठी माहीत नाही असं होत नाही. पण काही गोष्टी समोरच्याच्या तोंडून वदवून घ्याव्यात, म्हणजे निदान बोलताना त्याची जीभ अडखळते का ते दिसतं.

भाऊजींची अडखळली नाही. "कशाला म्हणजे? आई जिवंत, बाप जिवंत आणि पोर पुढे गेली. शवपेटी निघायच्या आधी बापाने पेटीवर काठी मारायची. शिक्षा इथेच झाली की तिकडे दुसरी होत नाही. तिच्याच भल्यासाठी आहे ते."

"शिक्षा कसली?"

"अगं, अपराधाची. आईबापांना म्हातारपणी टाकून जाणं, याच्याहून मोठा अपराध कुठला?"

युए-शियाने पातेलं पालथं घातलं. "टाकून गेली होय? तुमच्या आईला कुशीवर वळवताना पोटात दुखायचं तिच्या. बोलली नाही. म्हणाली, आजीचं वजन वाढलंय. आजीची हाडं नुसती कातड्यात बांधलेली होती, वजन वाढलंय म्हणे. डॉक्टरकडे गेली ती आजीचे दिवस झाल्यावर. तोवर आत सगळं पसरलं होतं. ती टाकून गेली?"

"मी तिला वाईट म्हणतोय का? रीत सांगतोय."

थोरले भाऊजी म्हणजे रीत सांगणारा माणूस. खुंग गुरुजींच्या, म्हणजे जगाच्या कन्फ्युशिअसच्या, गावातल्या जुन्या देवळात ते समितीवर होते. गुरुजींच्या जन्मदिवशी भल्या पहाटे निळा पायघोळ झगा घालून ओळीत उभे राहायचे, आणि वर्षातले उरलेले दिवस नातेवाइकांना ओळीत उभं करायचे. कुणी कुणाच्या आधी बसायचं, कुणी कुणाला आधी चहा द्यायचा, कुणी कुणापुढे किती वाकायचं. अडीच हजार वर्षांपूर्वी एक म्हातारा गुरू गावोगाव फिरून राजांना सांगत होता की माणसासारखं वागा. राजांनी ऐकलं नाही. पण त्याच्या नावावर जे काही पुढे रचलं गेलं ते युए-शियाच्या मोरीपर्यंत येऊन पोचलं होतं, आणि त्याचं एक टोक पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार."

"गुरुजींचा मुलगा त्यांच्या आधी गेला, असं तुम्हीच दरवर्षी सांगता. मग गुरुजींनी मारली होती का हो काठी?"

कोपऱ्यात तिचा नवरा थिएन-फा बसला होता, न पेटवलेली सिगारेट बोटांत धरून. त्याने मान वर केली.

भाऊजींनी चष्मा पुसला. "ते गुरुजी. आपण कोण?"

"म्हणजे त्यांना रडायची मुभा, आणि आम्हाला काठी."

"युए-शिया, तोंड आवर. लोकं येणार आहेत उद्या."

तिने तोंड आवरलं, कारण खरा प्रश्न अजून विचारायचा होता. हात पदराला पुसत ती टेबलापाशी आली. "बरं, काठी मारा. मग पुढे? दिवस झाले की पाटी घरी आणायची ना?"

घराच्या पुढच्या खोलीत देव्हारा होता. त्यात देवांच्या उजव्या हाताला थिएन-फाच्या घराण्याच्या पूर्वजांची लाकडी पाटी होती, तिच्यात नावं. शेवटचं नाव सासूबाईंचं, अजून त्याचा रंग ताजा. वर्षश्राद्धाला, नव्या वर्षाला, चांदण्याच्या सणाला पाटीपुढे ताट वाढायचं, उदबत्ती लावायची. मेलेला माणूस पाटीत असला तर घरचा. नसला तर तो भूत, दारोदार भुकेला फिरणारा.

भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं चंद्र मागणाऱ्या मुलाकडे पाहतात. "मुलीची पाटी? माहेरच्या देव्हाऱ्यात? मुलीची जागा नवऱ्याच्या घरी. लग्न केलं असतं तर आज सासरच्या पाटीत गेली असती. नाही केलं."

"का नाही केलं?"

थिएन-फाने सिगारेट दुसऱ्या हातात घेतली.

"का नाही केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे ना भाऊजी? तुमची आई होती ती. थोरल्या मुलाची आई थोरल्याकडे राहते अशी पण एक रीत आहे. आई अंथरुणाला खिळल्यावर ती रीत कुठे गेली होती?"

"माझ्या घरी जिना होता," भाऊजी म्हणाले. आणि मग काठी एकदा सरळ करून निघून गेले.

हिशेब असा होता, आणि तो कुणालाच चुकीचा वाटत नव्हता. पेइ-लिंगने लग्न केलं नाही कारण आजी अंथरुणाला खिळली होती, भावाचं शिक्षण चालू होतं आणि दुकानाला हात हवा होता. त्यासाठी नगरपालिकेने तिला आदर्श कन्या म्हणून मानपत्र दिलं. साहेबाच्या हातून घेतानाचा फोटो भिंतीवर होता, त्यात ती माशाचा वास येऊ नये म्हणून हात अंगापासून लांब धरून उभी होती. आणि लग्न केलं नाही म्हणून तिला आता घरात जागा नव्हती. ज्या गोष्टीसाठी मानपत्र, त्याच गोष्टीसाठी हकालपट्टी. घर सोडलं नाही म्हणून घराबाहेर.

*

अंत्यविधी नगराच्या शवागाराशेजारच्या भाड्याच्या दालनात झाला. इस्पितळात मेलेली, त्यात आईबापांआधी मेलेली, तिला घरच्या पुढच्या खोलीत ठेवता येत नव्हतं. पांढऱ्या शेवंतीच्या भिंतीत तिचा फोटो. आजारपणाच्या आधीचा, गोबऱ्या गालांचा.

दोन खुर्च्या बाजूला मांडल्या होत्या, आईबापांसाठी. मोठ्यांनी लहानांपुढे वाकायचं नसतं. भाऊ च्येन-मिंग शिनचूहून आला होता, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तो वाकला, त्याची बायको वाकली, शेजारपाजारचे तरुण वाकले. युए-शिया बसून राहिली. समोर पोटची पोर पेटीत, आणि ही खुर्चीवर, लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी. तिच्या गुडघ्यांना खाली जायचं होतं. उठायला लागली तर मागून थोरल्या जावेने खांद्यावर हात दाबला. "बस. तू वाकलीस तर तिलाच पाप."

मग भटजींनी थिएन-फाला खूण केली.

थिएन-फाने आयुष्यात पेइ-लिंगवर हात उचलला नव्हता. च्येन-मिंगवर उचलला होता, एकदा, सायकल हरवली म्हणून. आणि तेव्हा मध्ये पेइ-लिंगच उभी राहिली होती. आता भाऊजींनी त्याच्या हातात काठी दिली. तो पेटीपर्यंत गेला. काठी वर गेली आणि तिथेच थांबली.

"मार रे," भाऊजी हळूच म्हणाले. "आणि म्हण, आईबापांना सोडून गेलीस म्हणून."

त्याने मारली. तोंडाने काही म्हणाला नाही. पेटी चाकांच्या गाडीवर होती. आत वजन असं राहिलंच नव्हतं, त्यामुळे धक्क्याने ती सरकली. तशी त्याने झटकन दुसरा हात पुढे करून ती धरली. सायकल शिकणाऱ्या पोराचा तोल जाताना मागून धरतात तशी. एका हातात काठी, एक हात पेटीवर. भटजी थांबले, पुन्हा खूण केली. त्याने पुन्हा मारली, आणि पुन्हा धरली.

मग सगळे बसमध्ये चढले आणि दहनभूमीला गेले. सगळे म्हणजे आईबाप सोडून सगळे. पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायचं नसतं, भाऊजींनी निघताना पुन्हा बजावलं.

"तिचे काळे तरी कुठे उरले होते?" युए-शिया म्हणाली. "एकही नव्हता डोक्यावर. त्या औषधांनी सगळे गेले होते. आता तरी येऊ द्या मला."

भाऊजींना हे ऐकू आलं नाही, किंवा आलं. बस निघून गेली. रिकाम्या दालनात कामगार शेवंतीची फुलं खुडून टोपल्यात भरत होते, दुपारी दुसरं कुणी यायचं होतं. थिएन-फा काठी हातात घेऊन उभा. कुठे ठेवायची ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

*

राख डोंगरापलीकडच्या मनोऱ्यात एका कप्प्यात गेली. नावाची कागदी पाटी एका मठात तात्पुरती ठेवली, शंभर दिवसांच्या बोलीवर. मठातल्या बाईंनी प्रेमानेच सांगितलं, तोवर कायमचं काय ते ठरवा.

युए-शियाने च्येन-मिंगला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. मग त्याने केला.

"आई, माझी हरकत नाही गं. मी असलं मानत नाही. पण शू-ह्वा घाबरते. नव्या वर्षाला पोराला घेऊन आम्ही तिथे झोपतो. बिनलग्नाच्या बाईची पाटी घरात असली की लहान मुलांना त्रास होतो म्हणते तिची आई."

"ती त्याची आत्या आहे."

"माहितीय."

"तुझ्या कॉलेजची फी तिने माशाचे काटे काढून भरली. एकेक काटा."

"आई, मी काय करू म्हणतेस? मी बायकोला सोडू?"

चिपा बनवतो. केसाहून बारीक रेघा काढतो म्हणे काचेवर. आणि बहिणीच्या नावाच्या फळकुटाला भितो. युए-शियाने फोन ठेवला.

भाऊजींकडे उपाय होता. अशा लोकांकडे नेहमी असतो. ते येऊन म्हणाले, "लग्न लावून टाकू. पाटीचं. च्याली गावात एक विधुर आहे, पाटी घरी न्यायला तयार आहे. हुंड्याचं बघू. मग ती रीतसर कुणाच्या तरी घरची होईल, श्राद्धाला ताट मिळेल. जुने लोक लाल पाकीट रस्त्यावर टाकून ठेवायचे आणि जो उचलेल तो जावई. त्यापेक्षा हे बरं. माणूस माहितीतला आहे."

"माहितीतला म्हणजे कसा?"

"म्हणजे... दारू फक्त सणाला पितो."

"जिवंतपणी असला मुलगा आणला असतात तर झाडूने हाकलला असता मी. मेल्यावर चालतो?"

पण रात्रभर तो विचार तिच्या डोक्यात राहिला. आणि तिने ते केलं, जे फक्त त्या मुलखातल्या आईलाच सुचू शकतं. आंब्यांची एक पेटी घेतली, आगगाडीत बसली आणि काओश्युंगजवळच्या कांगशानला उतरून रोंग-थायच्या दुकानात गेली.

रोंग-थाय म्हणजे ज्याने पेइ-लिंगला मागणी घातली होती तो. बर्फाच्या पेट्या, फ्रीज, थंड खोल्या दुरुस्त करायचा. मासळी बाजारातली बर्फखोली बिघडली तेव्हा आला आणि मग न बिघडता येत राहिला. त्याला युए-शिया आणि थिएन-फाने सांगितलं होतं, आजी आहे तोवर थांब. तो थांबला. आजी होतीच. मग एक दिवस यायचा बंद झाला. आता त्याला बायको होती, मेइ-चू नावाची, आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

मेइ-चूने पाणी दिलं, आंबे बघून म्हणाली, "अहो काकू, एवढं ओझं कशाला आणलंत? आमच्याकडे आंब्याचा उन्हाळाच चाललाय, हे खाऊन खाऊन फणसासारखे झालेत." आणि मग पाहुणीच्या तोंडाकडे बघून तिने खुर्ची पुढे केली.

युए-शियाने सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पेइ-लिंग गेली. तिची पाटी न्या. तुम्हाला काही करावं लागणार नाही, एक कोपरा आणि सणाला एक ताट. रीतीने ती थोरली ठरेल आणि मेइ-चू धाकटी, पण नावापुरतं. पेइ-लिंग कुणाला धाकात ठेवणारी नव्हती. बोलताना ती मेइ-चूकडे बघत होती, रोंग-थायकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मेइ-चू बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "माझं काय," ती शेवटी म्हणाली. "एक उदबत्ती जास्त. माझ्या सासूपेक्षा मेलेली सवत बरी. यांना विचारा."

रोंग-थाय एका उघड्या फ्रीजसमोर उकिडवा बसला होता. हातातला पाना त्याने खाली ठेवला. "काकू, कधी गेली?"

"वसंतात."

"मला कुणी कळवलं नाही."

"कुठल्या तोंडाने कळवणार?"

त्याने मान हलवली. नंतर म्हणाला, "तुम्हाला अजून वाटतं का, आजींमुळे राहिलं म्हणून?"

"आम्हीच थांबवलं तुला."

"तुम्ही थांबवलंत. पण मी तिला म्हटलं होतं, आजींनाही आणू. खाली एक खोली रिकामी आहे, जिना नाही. तुम्हाला विचारणारच होतो. तिने नको म्हटलं." तो फ्रीजच्या आत बघत बोलत होता. "म्हणाली, पहाटे मासे साफ करताना बाबा माझ्याशी बोलतात. दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, तेवढ्यात बोलतात. लहानपणचं, तळ्यावरचं, वादळात वाहून गेलेल्या होडीचं. मी गेले तर ते कुणाला सांगतील? मला म्हणाली, रोंग-थाय, मी अडकलेली नाही, मला ते घर आवडतं. माझं घर आहे ते. तू दुसरी बघ."

युए-शियाने पेला खाली ठेवला.

"मी तिला नेऊ नाही शकत काकू. जिवंतपणी विचारूनही आली नाही ती माझ्याकडे. आता तिला तोंड नाही म्हणून उचलून आणू?" तो उठून आत गेला. आत बराच वेळ नळ वाहत होता.

मेइ-चू स्टेशनपर्यंत सोडायला आली. गाडी आल्यावर म्हणाली, "ते झोपेत कधी कधी तिचं नाव घेतात. मला राग यायचा. आता कुणावर धरू?"

*

घरी आल्यावर तिने थिएन-फाला सगळं सांगितलं, पहाटेच्या माशांसकट. तो ऐकत राहिला. ती म्हणाली, "ऐकलंस ना? तिचं घर आहे. तिने स्वतः सांगितलंय. तू मारलीस काठी, मी बसले खुर्चीवर, झालं ते झालं. आता मी पाटी आणते आणि सासूबाईंच्या शेजारी ठेवते. इतकी वर्षं पेइ-लिंग त्यांच्याच उशाशी होती, आता एकाएकी सासूबाईंना विटाळ होतो का? भाऊजी आले तर मी बघते. च्येन-मिंग सणाला नाही आला तर नको येऊ दे. तू फक्त गप्प बस, तुला ते येतं."

थिएन-फा गप्प बसला नाही. पेइ-लिंगशी पहाटे जसा बोलत असेल तसा, हळू आणि सलग बोलायला लागला.

"आण," तो म्हणाला. "मला काय नको आहे? दादाला मी हात धरून बाहेर काढीन. पण पुढचं बघ. तू सत्तरीची, मी त्याच्या पुढचा. आपण जाऊ. मग च्येन-मिंग हे घर विकेल. विकेलच, तो शिनचू सोडून पेज करायला येणार आहे का? देव्हारा आवरायला माणूस बोलावेल. आईची पाटी नेईल, तुझी-माझी नेईल, रीत आहे म्हणून. तिची नेणार नाही. बायको नेऊ देणार नाही. मग ती कुठे राहील सांग. विकलेल्या घरात? नवीन लोक येऊन भिंती रंगवतील आणि ती कोपऱ्यात?"

युए-शियाने देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"खाडीकाठी मुलींचं देऊळ आहे," तो म्हणाला. "मी बघून आलो. स्कूटरवर गेलो होतो, तू कांगशानला गेलीस तेव्हा. सगळ्या बिनलग्नाच्याच गेलेल्या मुली आहेत तिथे. गिरणीतल्या, होडी बुडून गेलेल्या. गावच्या बायका येऊन पावडर, कंगवे ठेवतात. आपण असलो नसलो तरी तिथे उदबत्ती लागते." थोडं थांबून म्हणाला, "एकटी नसेल. मला फक्त तेवढंच हवंय. ती एकटी नको."

तिला त्याच्याशी भांडायचं होतं. रीतीशी भांडता येतं. भाऊजींशी, पोटच्या पोराशी, सुनेच्या आईशी भांडता येतं. हा माणूस रीत सांगत नव्हता. त्याने घाबरलेल्या बापाने करावा तेवढाच विचार केला होता, आणि फिरून फिरून तो तिथेच पोचला होता जिथे भाऊजींनी काठी टेकवली होती. सगळ्यात मोठं दुष्टपण हेच. ही व्यवस्था अशी बांधली आहे की तिच्याविरुद्ध जायचं तर मेलेल्या पोरीलाच उपाशी ठेवावं लागतं. माया करणाऱ्याला शेवटी व्यवस्थेचंच ऐकावं लागतं.

शंभर दिवस भरले तेव्हा त्यांनी मठातून पाटी उचलली. आता ती लाकडाची करून घेतली होती, युए-शियाने मांडीवर धरली. स्कूटर मिठागरांमधून गेली. वाटेत प्रत्येक पुलावर थिएन-फा ओरडून सांगत होता, "पेइ-लिंग, पूल आला, घट्ट धर," कारण मेलेल्याला नेताना पाणी ओलांडलं तर सांगायचं असतं, नाहीतर तो मागे राहतो.

देऊळ लहान होतं, आत गुलाबी रंग, आरसे, लिपस्टिकच्या कांड्या, प्लॅस्टिकचे मोती. ओळीने पाट्या. सुपारी चघळत एक जाडजूड बाई देखभाल करत होती. तिने पाटी घेतली, पुसली, दुसऱ्या ओळीत जागा करून ठेवली आणि तीन उदबत्त्या पेटवल्या.

थिएन-फा आत आला नाही. दाराबाहेर स्कूटरपाशी हेल्मेट न काढता उभा राहिला. ज्या हाताने मारलं, त्या हाताने उदबत्ती कशी धरणार, असं तो रस्त्यात म्हणाला होता.

"तुम्ही कोण तिच्या?" बाईने विचारलं. "आई असाल तर तिकडे बाकावर बसा. उदबत्ती मी लावते तुमच्या वतीने. आईने वाकायचं नसतं, पोरीला जड जातं. इथे पुष्कळ आया येतात, सगळ्या बाकावरच बसतात."

भिंतीला लागून एक लांब बाक होतं. बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं.

युए-शियाने त्या बाकाकडे पाहिलं.

"मी आई नाही," ती म्हणाली. "धाकटी बहीण."

बाईने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, सुरकुतलेल्या गळ्याकडे, माशाच्या काट्यांनी चरे पडलेल्या बोटांकडे. पाटीवरच्या जन्मसालाकडे पाहिलं. सुपारी गालात एका बाजूला केली. मग काही न बोलता तिने उदबत्त्या तिच्या हातात दिल्या आणि जमिनीवर एक चटई ओढली.

"करा मग ताईला नमस्कार," ती म्हणाली. "सावकाश, गुडघे दुखतील."

युए-शिया वाकली. कपाळ चटईला टेकलं तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "बाबा बाहेर उभे आहेत गं. ते काही आत येत नाहीत. तूच हाक मार."